प्रेमलाताईंची जमानत

शेखर मोहरीलने दुखूराम देवांगनला सदर बाजारात मारलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बघायला तीसचाळीस माणसं उभी होती. मी तिथे नव्हतो. पण मी हिरालाल साहू वकिलांचा मुन्शी, आणि त्या केसचे कागद माझ्या हातून इतक्यांदा गेले की आता मी तिथेच उभा होतो असं वाटतं.

दुखूराम सोनारकाम करणारा कारागीर. सायकल हातात धरून गर्दीतून चालत होता. सायकलचं हँडल शेखरच्या मोटारसायकलच्या टाकीला घासलं. टाकीवर बोटभर ओरखडा आला. दुखूरामने लगेच हात जोडले, "गलती होगे भैया."

शेखरने त्याला कानाखाली मारली. दुखूराम एका दुकानाच्या पायरीवर पडला. कोणीतरी म्हणालं, "जाने दो ना भाई." तेवढ्याने शेखर थांबला असता, असं दोन साक्षीदारांनी सांगितलं. पण गर्दीत कोणीतरी हसलं. मग शेखरने शेजारच्या दुकानातून शटर ओढायची लोखंडी सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुखूरामने डोकं वाचवायला उजवा हात वर धरला, म्हणून पुढचे तीन त्या हातावर बसले. पाचवा डोक्यावर. दुकानाच्या कॅमेऱ्यात हे सगळं आहे. सळई टाकून शेखर आपल्या गाडीवर जाऊन बसला आणि टाकीवरचा ओरखडा रुमालाने पुसत राहिला. पोलीस आले तेव्हाही तो तेच करत होता.

त्याची मोठी बहीण प्रेमलाताई. समता कॉलनीतल्या एका लहान दवाखान्यात सत्तावीस वर्षांपासून ड्रेसिंग करतात. जळालेले, कापलेले, साखरेच्या आजाराने सडलेले पाय त्यांच्याकडे येतात. बाई ठेंगणी, बोलणं कमी. पट्टी सोडवताना मात्र रोग्याशी सतत बोलतात, म्हणजे त्याचं लक्ष जखमेवरून उडावं. आई गेली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि शेखर पाचचा. वडील रेल्वेत बाबू होते, सकाळी जात, संध्याकाळी येत. शेखरला यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

शेखर शाळेत होता तेव्हापासून एकच चालत आलं होतं. तो मारायचा आणि ताई मागून जाऊन हात जोडायच्या. त्याने एका पोट्ट्याच्या मांडीत कंपासचं टोक खुपसलं, ताई त्याच्या घरी गेल्या. मोठा झाल्यावर तो लग्नांच्या वरातीत धुमालची, म्हणजे ढोलताशे-बाजाची, गाडी चालवायचा. तिथे दारू असायची आणि मारामाऱ्याही व्हायच्या. ताई ठाण्यात जायच्या, समजुतीचा कागद करून यायच्या. त्याच्या बायकोचं, सोनियाचं, गळ्याजवळचं हाड त्याने मोडलं. तिच्या खांद्याला पट्टा ताईंनीच बांधला, आणि बांधता बांधता म्हणाल्या, "सांभाळून घे." पट्टा निघायच्या आधी सोनिया मुलीला घेऊन दुर्गला माहेरी गेली ती गेलीच.

हे सगळं ताईंनी मला पुढे सांगितलं. पहिल्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "विनायकभाऊ, माझ्या भावाले पकडलं. मले काही समजत नाही. काय करायचं ते सांगा."

मी जे सगळ्यांना सांगतो ते त्यांना सांगितलं. अटक झाली की चोवीस तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. किरकोळ कलम असलं तर ठाण्यातच जामीन होतो. इथे मात्र जिवे मारायच्या प्रयत्नाचं कलम लागलं आहे, तेव्हा आधी तुरुंग, आणि अर्ज वरच्या सेशन कोर्टात. कोर्टाने हो म्हटलं तरी दार लगेच उघडत नाही. आरोपी स्वतः लिहून देतो की मी प्रत्येक तारखेला येईन. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस लिहून देतो की हा येईल, नाही आला तर माझ्याकडून वसूल करा. तो दुसरा माणूस म्हणजे जमानतदार.

"पैसे आत्ताच भरायचे?"

"नाही. शब्द द्यायचा. शब्दामागे काहीतरी दाखवायचं. आमच्याकडे बहुतेक शेतीची ऋण पुस्तिका, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारं सरकारी पुस्तक, चालते."

"बाबांची अभनपूरची दोन एकर माझ्या नावावर आहे."

मी त्यांना म्हटलं, कचहरीत असे लोक बसतात ज्यांचं कामच दुसऱ्याची जमानत घेणं आहे, तुम्ही कशाला अडकता? ताईंना ते पटलं नाही. "माझा भाऊ आहे. परक्याचं नाव काहून?"

दुसऱ्या दिवशी मला न विचारता त्या सरकारी दवाखान्यात दुखूरामला बघायला गेल्या. असं करू नये, आरोपीच्या घरच्यांनी जखमीकडे गेलं की लोक भलताच अर्थ काढतात. पण त्यांना जखम बघायची होती. दुखूरामच्या डोक्याला अकरा टाके होते. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर आलेली बोटं काळीनिळी. खाटेजवळ त्याची बायको फुलेश्वरी होती. ताईंनी ओळख सांगितली तशी ती उठली आणि तिने ताईंचे केस धरले. भिंतीपर्यंत ओढत नेलं आणि डोकं भिंतीवर आपटलं.

"तोर भाई मोर आदमी के हाथ ला टोर दिस! अब तैं का देखे बर आय हस?"

नवऱ्याचा हात मोडून आता काय बघायला आलीस, हेच ती ओरडत होती. नर्सांनी सोडवलं. ताईंनी तक्रार केली नाही. बाहेर पायऱ्यांवर बसल्या, केस बांधले आणि पायी घरी आल्या. मला एवढंच म्हणाल्या, "बोटं हलत नाहीत त्याची. सोनाराची बोटं आहेत."

पहिला अर्ज फेटाळला गेला. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केल्यावर साहू वकिलांनी दुसरा लावला, आणि अटकेच्या सत्तराव्या दिवशी सेशन कोर्टाने जामीन मंजूर केला. पन्नास हजारांचा मुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जमानतदार, आणि शर्ती अशा की तारीख चुकवायची नाही, साक्षीदारांना धमकावायचं नाही.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात ताईंनी पुस्तिका दिली. आधार कार्ड, दोन फोटो, शपथपत्र. बाबूने पुस्तिकेच्या पानावर लाल शाईत केस नंबर लिहिला आणि शिक्का मारला, म्हणजे केस संपेपर्यंत ती जमीन विकता येणार नाही. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आरोपी आपका कौन है? पेशी पर लाएँगी?"

"भाऊ आहे. हव, आणीन."

त्यांचा हात सही करताना थांबला होता. मी मागे उभा होतो. मीच म्हणालो, "करा ताई, काही होत नाही." ही माझी रोजची ओळ. हजार लोकांना म्हटली असेल.

सुटकेचा कागद तुरुंगात गेला, संध्याकाळी शेखर बाहेर आला. ताईंनी त्याला घरी पुरानी बस्तीत नेलं, गरम पाणी तापवलं. अकरा दिवस तो गुपचूप राहिला. घरात झोपायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा. ताई मला म्हणाल्या, आत राहून सुधारला वाटते.

बाराव्या दिवशी दुपारी फुलेश्वरी समता कॉलनीतल्या दवाखान्यात आली. पायात चप्पल नव्हती. एका बाजूचा गाल सुजून डोळा बंद झाला होता. ताई एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बांधत होत्या. फुलेश्वरी दारातूनच ओरडली, "चल! चल देख, तोर भाई का करिस हे!"

ताईंनी पट्टीची गाठ मारली, सामानाची पेटी घेतली आणि तिच्यामागे गेल्या.

देवांगन पाऱ्यात, म्हणजे देवांगनांच्या वस्तीत, दुखूरामचं एका खोलीचं घर. शेखर तासाभरापूर्वी तिथे आला होता. आधी गोड बोलला, कोर्टात सांग की तू सायकलवरून पडलास. दुखूरामने तोंड फिरवलं. मग शेखरने त्याचा तोच हात धरला. प्लास्टर निघून आठवडा झाला होता. त्याने हात पाठीमागे नेला आणि पिळला. फुलेश्वरी मध्ये पडली तर तिला पाण्याच्या पितळी गुंडाने तोंडावर मारलं. जाताना म्हणाला, "अगली बार गला।"

ताई गेल्या तेव्हा दुखूराम भिंतीला टेकून तोंडात गमछा धरून बसला होता. मनगट कोपराच्या दिशेने वाकडं झालं होतं. त्याच्या दंडावर पाच बोटांचे वळ होते. ताईंनी हात लाकडी पट्टीवर बांधला, ऑटो बोलावला, दोघांना दवाखान्यात पोचवलं. वाटेत रोग्याशी बोलायची त्यांची सवय, पण त्या दिवशी त्यांना एक शब्द सुचला नाही.

तिथून त्या घरी आल्या. शेखर पलंगावर लोळत मोबाइल बघत होता.

"तू दुखूरामच्या घरी गेला होता?"

"समझाने गया था।" मराठी घरातला असून तो ताईंशीही हिंदीतच बोलायचा.

"त्याचा हात पुन्हा मोडला शेखर."

"तो क्या हुआ? दीदी, उसको बोल ना बयान बदल दे। सब ठीक हो जाएगा।"

"मी तुझ्यासाठी लिहून दिलं आहे कोर्टात. मी आत्ता ठाण्यात जाते."

त्या दाराकडे वळल्या. शेखरने त्यांना वेणीला धरून मागे ओढलं. पहिली थप्पड बसली तेव्हा, ताई म्हणतात, त्यांना दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. अडतीस वर्षांत त्याने त्यांच्यावर हात उचलला नव्हता. दुसरा ठोसा तोंडावर बसला, दोन दात तुटले. त्या पडल्या. त्याने बरगड्यांत लाथा घातल्या, तीन की चार, त्यांनी मोजल्या नाहीत. त्या सरपटत दारापाशी गेल्या आणि चौकट धरून उठू लागल्या. शेखरने दार लावलं. हात चौकटीत होता. त्याने ते बघितलं आणि दार पुन्हा जोराने ढकललं.

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि ताटात भात वाढून जेवायला बसला.

ताई जमिनीवर पडून त्याला जेवताना बघत होत्या. त्याने वरण संपवलं, ताट धुतलं, पालथं घातलं. ताट धुवायची सवय ताईंनीच लावली होती. तो बाहेर गेल्यावर शेजारच्या पद्मजाकाकूंनी त्यांना उचललं आणि डॉक्टरांकडे नेलं. ताई त्या घरी परत गेल्या नाहीत. दवाखान्याच्या डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या आमच्या ऑफिसात आल्या. डावा हात गळ्यात, ओठ टाके घालून शिवलेला. बोलताना हवा निघत होती, शब्द नीट कळत नव्हते. ठाण्यात त्यांनी तक्रार दिली होती, दुखूरामनेही दिली होती. पण शेखर सापडत नव्हता.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "मले जमानत परत घ्यायची आहे. घेता येते का?"

साहू वकिलांनी चष्मा काढला. त्यांना हिंदीतच बोलायची सवय. "प्रेमला जी, मैं आपके भाई का वकील हूँ। उसके ख़िलाफ़ मैं आपको एक शब्द नहीं बता सकता।" आणि ते खरंच होतं. ते उठून कोर्टात गेले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

घेता येते. कायद्यात तसं साफ लिहिलं आहे. जमानतदार कधीही मॅजिस्ट्रेटला अर्ज देऊ शकतो की मला यातून मोकळं करा. मग कोर्ट आरोपीला पकडून आणायचा वॉरंट काढतं. तो समोर आला की जमानतदार मोकळा होतो आणि आरोपीला सांगतात, दुसरा माणूस आण. नाही मिळाला तर परत आत. मला हे एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. सही करताना मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. आम्ही कोणालाच सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक सहीच करणार नाहीत.

मी कागद ओढला आणि हाताने अर्ज लिहिला. टाइप केला असता तर ऑफिसच्या संगणकावर राहिला असता. खाली ताईंनी उजव्या हाताने सही केली. साहू वकिलांना हे त्याच दिवशी कळलं. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मॅजिस्ट्रेट बाईंनी अर्ज वाचला, ताईंच्या तोंडाकडे बघितलं. "दबाव में तो नहीं दे रही हैं?"

"नाही साहेब. मी म्हटलं होतं त्याले आणीन. तारखेला कदाचित आणीनही, पण बाहेर तो काय करते त्याची हमी देऊ नाही शकत."

त्याच दुपारी वॉरंट निघाला.

ही बातमी शेखरपर्यंत कशी पोचली ते माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो समता कॉलनीत आला. हातात गाडीच्या चाकाचा पाना होता. ताई आत एका बाईच्या भाजलेल्या पाठीवर मलम लावत होत्या, एकाच हाताने. शर्मिष्ठाबाईंनी त्याला काचेतून बघितलं आणि दाराची कडी घातली. पोलिसांना फोन केला.

शेखरने पहिल्या घावात दाराची काच फोडली. "दीदी, बाहर निकल! मेरे को अंदर भेजेगी? मेरे को?" दुसऱ्या घावात खिडकी गेली. बाकावर बसलेले रोगी आतल्या खोलीत पळाले. एका पोरीच्या कपाळात काच शिरली, ती किंचाळत होती. शर्मिष्ठाबाईंनी औषधांचं कपाट दाराला लावलं. तो कपाटावर पाना मारत होता, आतल्या बाटल्या फुटत होत्या, सगळीकडे स्पिरिटचा वास.

भाजलेली बाई रडायला लागली. तिला हलता येत नव्हतं. ताई तिला म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे बघा. नाव काय तुमच्या गावाचं?" आणि मलम लावत राहिल्या. शर्मिष्ठाबाईंनी मला सांगितलं, त्यांचं बोलणं एकदाही थांबलं नाही.

कॉलनीतली माणसं काठ्या घेऊन आली. त्यांनी शेखरला मागून धरलं, खाली पाडलं आणि मारायला लागली. लाथा, काठ्या, एकाने विटेचा तुकडा घेतला. शेखर फुटलेल्या काचांवर पडला होता, त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. तेव्हा ताई मागच्या दाराने बाहेर आल्या आणि गर्दीत शिरल्या. "मारू नका! छोड़ो उसको! वॉरंट आहे त्याच्यावर, पोलीस नेतील." एक काठी त्यांच्याही खांद्यावर बसली. मग लोक थांबले. पोलीस आले, वॉरंट दाखवून त्याला घेऊन गेले. ताई परत आत आल्या आणि त्या पोरीच्या कपाळातली काच काढली.

कोर्टात शेखरला दोन शिपायांनी धरून उभं केलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी सांगितलं, तुमच्या जमानतदाराने नाव काढून घेतलं आहे, दुसरा आहे का? शेखरने मागे वळून बघितलं. धुमालवाले दोस्त कोणी आले नव्हते. तो ताईंना म्हणाला, "दीदी, मैं मर जाऊँगा अंदर।" ताईंनी मान खाली घातली. मग त्याने त्यांना आईवरून शिवी दिली. दोघांची आई एकच, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाबूने पुस्तिकेवर लाल नोंदीखाली दुसरी नोंद केली आणि ती ताईंच्या हातात दिली. त्यांनी ती पिशवीत टाकली. नागपूरच्या काकांचा फोन आला, "रक्ताच्या माणसाले तुरुंगात धाडते? बाई आहेस की कोण?" ताईंनी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. मोहल्ल्यातल्या हळदीकुंकवाला त्या वर्षी त्यांना दोन घरांनी बोलावलं नाही.

महिन्याभरात शेखरने विकत मिळणारा जमानतदार शोधला. तोवर सरकारी वकिलांनी साक्षीदाराला मारल्याचं सेशन कोर्टापुढे ठेवलं होतं, आणि जामीनच रद्द झाला. आता जमानतदार असून काही उपयोग नव्हता.

खटल्यात ताई साक्षीला उभ्या राहिल्या. उलटतपासणी साहू वकिलांनीच घेतली. ते कडक बोलले, त्यांचं कामच ते. "आपको घर अकेले चाहिए था, इसलिए भाई को फँसाया?"

ताईंनी कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्यानं सोनियाचं हाड मोडलं तेव्हा मी तिले म्हटलं होतं, सांभाळून घे. ती माझी चूक. ही नाही."

शेखरला सात वर्षांची शिक्षा झाली. दुखूरामच्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. जिथे आधी दागिने घडवायचा त्याच दुकानात तो आता दागिने धुवायचं काम करतो. फुलेश्वरी अजून ताईंशी बोलत नाही, पण दुखूरामचा हात दाखवायला महिन्यातून एकदा त्यांच्याकडेच आणते, बाकावर बसते आणि भिंतीकडे बघत राहते.

ताई तुरुंगात मुलाखतीला जातात. पहिल्या तीन वेळा शेखर आलाच नाही. चौथ्यांदा आला. जाळीपलीकडून त्याने आधी ताईंच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"हात कैसा है?" त्याने विचारलं.

"माझा बरा झाला. दुखूरामचा नाही झाला. दोन बोटं तशीच आहेत."

त्याने ऐकून घेतलं. मुलाखतीची वेळ संपत आली तेव्हा म्हणाला, "अगले महीने एक चादर लाना दीदी। अंदर ठंड है।"

"आणीन," ताई म्हणाल्या. आणि पुढच्या महिन्यात निळ्या चौकड्यांची जाड चादर घेऊन गेल्या. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत होतो.